वाळवंटातल्या घळीतलं दगडफूल आणि त्याची पुडी

अ‍ॅरिझोना म्हटलं की डोळ्यासमोर निवडुंग आणि तापलेली माती येते, पण तिथल्या चिरिकाहुआ डोंगरांच्या घळीत शिरलात की ओक, सायकामोर, सायप्रस, पाइन असं चक्क जंगल लागतं. कडे उंच, त्यामुळे ऊन थोडाच वेळ पोचतं, रात्री वरची गार हवा खाली उतरते आणि तळाशी ओल टिकते. म्हणूनच तिथे खडक आणि खोडं दगडफुलांनी, म्हणजे लायकेननी, भरलेली असतात.

लायकेन म्हणजे बुरशी आणि शैवालाचा एकत्र संसार. काहींमध्ये शैवालाऐवजी सायनोबॅक्टेरिया, म्हणजे उन्हावर अन्न बनवणारे जिवाणू, असतात आणि फरक इथेच पडतो, कारण हिरवं शैवाल असलेलं लायकेन नुसत्या दमट हवेवरही अन्न बनवायला लागतं, सायनोबॅक्टेरियावाल्याला मात्र खरंखुरं पाणीच लागतं. त्यामुळे अभ्यासासाठी गोळा केलेला नमुना कड्यावरून पाणी झिरपतं तिथला की कोरड्या आडोशाचा, हे लिहिलंच पाहिजे.

गोळा करायला आधी परवानगी, चिरिकाहुआ नॅशनल मॉन्युमेंटमध्ये तर त्याशिवाय खडा पण उचलता येत नाही. मग दहापट मोठं दाखवणारं भिंग, सालीसाठी सुरी, खडकाला घट्ट चिकटलेल्यांसाठी छिन्नी-हातोडा. पानासारखं लायकेन कोरडं असताना हात लावला की चुरा होतो, म्हणून आधी पाण्याचा फवारा मारायचा, आणि बघता बघता ते राखाडी कुरकुरीत पापुद्र्यासारखं दिसणारं मऊ होतं, हिरवं होतं, हे जवळून बघण्यासारखं असतं! घ्यायचं मात्र थोडंच, कारण बरीचशी लायकेन वर्षाला जेमतेम काही मिलिमीटर वाढतात. ठेवायचं कागदी पुडीत, प्लास्टिकमध्ये ओल कोंडते आणि बुरा येतो.

आणि पुडीवर लगेच, तिथेच उभं राहून लिहायचं: तारीख, जीपीएस, उंची, उतार कुठल्या दिशेचा, कुठल्या झाडाची साल किंवा कुठला खडक, गोळा करणाऱ्याचं नाव आणि नमुन्याचा नंबर. संध्याकाळी आठवून लिहू म्हटलं की घोळ झालाच म्हणून समजा. जातीचं नाव नंतरही शोधता येतं, कॉस्टिक पोटॅशचा थेंब टाकल्यावर झँथोरिया नावाचं नारिंगी लायकेन जांभळंबुंद होतं तसे रंग बघून, पण ते कुठल्या झाडावर होतं हे हर्बेरियममध्ये, म्हणजे वाळवलेल्या नमुन्यांच्या संग्रहालयात, बसून कोणालाच सांगता येत नाही. टेंपीच्या अ‍ॅरिझोना स्टेट युनिव्हर्सिटीत अशा पुड्यांचा मोठा संग्रह आहे, आणि एखादी घळ पुढे वणव्यात जळाली तर तिथे आधी काय होतं ते या पुड्यांवरूनच कळतं.