ठरलेल्या वाराचा खेळ: टेबलटॉप रोल-प्लेइंगच्या नियमित गटाची पार्श्वभूमी

टेबलटॉप रोल-प्लेइंग गेम म्हटले की आज डोळ्यांसमोर येणारे चित्र सगळीकडे जवळपास सारखेच असते. चार-पाच मित्रमैत्रिणी, ठरलेला वार, ठरलेली वेळ आणि महिनोन् महिने पुढे सरकणारी एकच कथा. एक जण खेळ चालवतो, बाकीचे आपापले पात्र वठवतात, आणि जेथे काय होईल ते सांगता येत नाही तेथे फासे टाकले जातात. ही रीत इतकी अंगवळणी पडली आहे की ती या खेळाबरोबरच जन्मली असावी, असे वाटते. प्रत्यक्षात या प्रकारचा पहिला प्रकाशित खेळ असलेल्या ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’च्या १९७४च्या पहिल्या नियमपुस्तिकेत एका मोहिमेसाठी, म्हणजे बैठकांमागून बैठका चालणाऱ्या खेळासाठी, चार ते पन्नास खेळाडू चालतील असे म्हटले होते आणि एका पंचामागे, म्हणजे खेळ चालवणाऱ्यामागे, सुमारे वीस खेळाडू असावेत अशी सूचना होती. ठरावीक माणसांचा छोटा गट हे नंतरचे वळण आहे, आणि ते कोणी आखून दिलेले नाही.

पंचाची जागा मात्र या खेळापेक्षा दीडशे वर्षांनी जुनी आहे. प्रशियात राइसविट्झ पितापुत्रांनी युद्धाचा सराव टेबलावर करता यावा म्हणून ‘क्रीगश्पील’ नावाचा खेळ रचला. वडिलांची आवृत्ती १८१२ची, तर मुलाने सुधारून छापलेली १८२४ची. दोन्ही बाजूंचे अधिकारी आपले हुकूम पंचाकडे देत, आणि कोणाला काय दिसले, कोणाचा मारा लागू पडला, हे पंच नकाशा, कोष्टके आणि फासे यांच्या आधारे सांगत असे. पुढे ही कोष्टके इतकी वाढली की खेळ त्यांच्याखाली दबून गेला. तेव्हा १८७६ मध्ये फेर्डी द्यू व्हेर्नुआ या अधिकाऱ्याने बहुतेक नियम बाजूला ठेवून निर्णय अनुभवी पंचाच्या तारतम्यावर सोपवावा, असे सुचवले. खेळाडूने काय करायचे ते स्वतःच्या शब्दांत सांगावे आणि त्याचे फळ काय ते पंचाने ठरवावे, ही आजच्या प्रत्येक टेबलावरची देवघेव त्या लष्करी खोल्यांतून आलेली आहे.

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अमेरिकेत युद्धखेळांचा छंद बराच पसरला होता. मिनेसोटा राज्यातील मिनियापोलिस आणि सेंट पॉल या जोडशहरांत अशा हौशी मंडळींचा एक क्लब होता. त्यातील डेव्हिड वेस्ली यांना विद्यापीठाच्या ग्रंथालयात चार्ल्स टॉटन यांचे १८८०चे ‘स्ट्रॅटेगोस’ हे जुने पुस्तक सापडले. नियमात नसलेली चालही खेळाडूला करून पाहता यावी, फक्त तिचा निवाडा पंचाने करावा, ही त्यातली कल्पना वेस्ली यांनी उचलली. १९६९ मध्ये त्यांनी नेपोलियनच्या काळातील ब्राउनश्टाइन नावाच्या काल्पनिक गावाभोवती एक खेळ मांडला. दोन सेनापती होतेच, पण जास्तीच्या खेळाडूंना हातावर हात ठेवून बसावे लागू नये म्हणून त्यांनी कोणाला नगराध्यक्ष केले, कोणाला सावकार, तर कोणाला विद्यापीठाचा कुलगुरू. सैन्ये एकमेकांना भिडायच्या आधीच खेळाडू कोपऱ्यांत जाऊन गुप्त करार करू लागले आणि पंचाकडे भलत्याच मागण्या घेऊन येऊ लागले. डाव पार विस्कटला. वेस्ली यांना तो फसला असे वाटले. मित्रांनी मात्र पुढचा कधी, म्हणून त्यांच्यामागे तगादा लावला.

ब्राउनश्टाइनचा खेळ त्या दिवसापुरता असे. दिवस संपला की नगराध्यक्षही संपला. नियमित खेळण्याला जे कारण लागते, म्हणजे मागच्या वेळचे काहीतरी पुढच्या वेळेपर्यंत शिल्लक राहणे, ते खऱ्या अर्थाने त्याच क्लबमधील डेव्ह आर्नेसन यांच्या ‘ब्लॅकमूर’मध्ये आले. १९७१च्या एप्रिल महिन्यात आर्नेसन यांनी क्लबच्या वार्तापत्रात ‘मध्ययुगीन ब्राउनश्टाइन’चे निमंत्रण दिले. खेळ त्यांच्या घरी दुपारी एकपासून मध्यरात्रीपर्यंत चालणार होता, त्यात पुराणकथांतले प्राणी असणार होते आणि ट्रोल या राक्षसाच्या पुलाखाली पत्त्यांचा डावही रंगणार होता. त्या निमंत्रणातून उभे राहिलेले जग पुढे वर्षानुवर्षे चालले. पात्रांना मिळालेली संपत्ती, जडलेले शत्रुत्व, गावलेली शस्त्रे पुढच्या बैठकीत तशीच असत. अनुभवाने पात्र अधिक बलवान होई, आणि मेले तर कायमचे जाई. एकदा खेळाडू किल्ल्याखालच्या भुयारांत खजिना शोधण्यात इतके गुंतले की वर शत्रूने किल्लाच घेतला. आर्नेसन यांनी तो डाव पुन्हा मांडला नाही. खेळाडूंच्या पात्रांना हद्दपार होऊन दूरच्या तळ्याकाठी नव्याने बस्तान बसवावे लागले. एखादी बैठक चुकवली तर आपल्या पात्राचे जग आपल्यावाचून पुढे जाईल, ही हुरहूर येथून सुरू होते, आणि माझ्या मते या छंदाचा खरा शोध हाच आहे. भुयारे आणि राक्षस त्यामानाने बदलता येण्यासारखे होते, आणि पुढे ते बदललेही.

१९७२च्या अखेरीस आर्नेसन आणि क्लबमधील त्यांचे सहकारी डेव्हिड मेगारी विस्कॉन्सिनमधील लेक जिनिव्हा येथे गॅरी गायगॅक्स यांच्याकडे हा खेळ दाखवायला गेले. गायगॅक्स यांनी जेफ पेरेन यांच्याबरोबर ‘चेनमेल’ हे मध्ययुगीन लढायांचे नियम १९७१ मध्ये प्रसिद्ध केले होते आणि त्याला जादू व दैत्यांची पुरवणी जोडली होती. ब्लॅकमूर पाहिल्यावर त्यांनी भराभर नियम लिहायला घेतले. प्रकाशक मिळेना, तेव्हा १९७३ मध्ये बालमित्र डॉन के यांच्यासह टीएसआर ही कंपनी काढली, आणि १९७४च्या सुरुवातीला ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’च्या तीन पुस्तिकांचे एक हजार संच बाजारात आले. संचाची किंमत दहा डॉलर होती आणि खोकी हातानेच भरली जात. मुखपृष्ठावर ‘रोल-प्लेइंग’ हे शब्द नव्हते. कागद, पेन्सिल आणि छोट्या प्रतिमा घेऊन खेळायच्या मध्ययुगीन अद्भुत युद्धमोहिमांचे नियम, असे त्याचे वर्णन होते. वीस बाजूंचे फासे शाळांना साहित्य पुरवणाऱ्या कॅटलॉगमधून मागवलेले होते.

वीस माणसे एका पंचासमोर खेळणार म्हणजे काय, हे आज समजून घ्यावे लागते. वीसही जण रोज येत नसत. मोहीम क्लबची असे, आणि त्या दिवशी जो हजर तो भुयारात उतरे. हजर असलेल्यांपैकी एक जण सर्वांच्या वतीने पंचाशी बोले आणि दुसरा पंचाच्या वर्णनावरून चौकोनी रेघांच्या कागदावर नकाशा काढत बसे. नकाशा चुकला तर परतीची वाट चुके, त्यामुळे ते काम बिनमहत्त्वाचे नव्हते. बैठक संपताना पात्रांनी भुयाराबाहेर येणे अपेक्षित असे, कारण पुढच्या खेपेला हीच माणसे असतील याची खात्री नसे. पहिल्या नियमांनुसार प्रत्यक्षातील एक आठवडा म्हणजे खेळातीलही एक आठवडा. हे वाचताना विचित्र वाटते, पण वेगवेगळ्या दिवशी वेगवेगळे लोक एकाच जगात वावरत असतील तर सामायिक कालगणनेला पर्याय नव्हता. गायगॅक्स यांनी पंचांसाठीच्या १९७९च्या ‘डंजन मास्टर्स गाइड’मध्ये काटेकोर कालनोंदीशिवाय अर्थपूर्ण मोहीम शक्य नाही, असे मोठ्या अक्षरांत बजावले, ते याच व्यवहारामुळे.

पण तोवर खेळ क्लबांच्या हाताबाहेर गेला होता. पुस्तिका महाविद्यालयांच्या वसतिगृहांत आणि मग शाळकरी मुलांपर्यंत पोचल्या, आणि तेथे वीस जणांचा युद्धखेळ क्लब कोठून येणार? जे दोन-चार मित्र असत त्यांच्यावरच भागवावे लागे. पहिल्या नियमांत इतके अध्याहृत होते की वाचणाऱ्याने रिकाम्या जागा आपल्या मनाने भरल्या, आणि गावोगावी वेगळाच खेळ तयार झाला. लॉस एंजेलिसमधून ली गोल्ड यांनी १९७५ मध्ये ‘अलारम्स अँड एक्सकर्शन्स’ हे सामूहिक नियतकालिक सुरू केले. त्यात वाचक आपापल्या मोहिमांचे वृत्तांत लिहून पाठवत, एकमेकांचे नियम तपासत आणि भांडतही. नवख्यांसाठी १९७७ मध्ये ‘बेसिक सेट’ आला आणि त्याची १९८१ व १९८३ मध्ये नवी रूपे निघाली. ही खोकी खेळण्यांच्या दुकानांतून तीन किंवा अधिक खेळाडूंसाठी म्हणून विकली गेली. १९७९च्या सुमारास फाशांचा इतका तुटवडा पडला की काही खोक्यांत फाशांऐवजी आकडे छापलेले पुठ्ठ्याचे तुकडे घातले गेले. ते कापून पेल्यात टाकायचे आणि न बघता एक उचलायचा. नंतरच्या खोक्यांत फासे आले, पण त्यांवरचे कोरीव आकडे दिसावेत म्हणून सोबत दिलेल्या मेणखडूने ते आपले आपण भरावे लागत.

१९८०च्या दशकात अमेरिकेत या खेळावर सैतानपूजेचा आणि मुलांना आत्महत्येकडे ढकलण्याचा आरोप झाला. १९७९ मध्ये मिशिगनमधील एक विद्यार्थी बेपत्ता झाल्यावर त्याचा संबंध वृत्तपत्रांनी या खेळाशी जोडला, तेथून हा गदारोळ सुरू झाला. आरोप टिकले नाहीत आणि त्या काळात विक्री उलट वाढली. नियमित गटाच्या इतिहासात मला या प्रकरणाचे महत्त्व मर्यादित वाटते.

त्याहून खोल परिणाम कथेने केला. १९८४ मध्ये ट्रेसी हिकमन, मार्गारेट वाइस आणि सहकाऱ्यांच्या ‘ड्रॅगनलान्स’ मालिकेचे साहसभाग येऊ लागले. ही एक सलग महाकथा होती, तिची पात्रे आधीच लिहिलेली होती आणि एक भाग दुसऱ्याला जोडलेला होता. भुयारात कोण उतरले याने फारसे बिघडत नसे, पण कथेच्या ऐन मोक्यावर नायिकाच गैरहजर असेल तर डाव अडतो. दरम्यान इतर खेळांपैकी १९८१च्या ‘कॉल ऑफ थुलू’ने तपासाची आणि भयाची, तर १९९१च्या ‘व्हँपायर : द मास्करेड’ने पात्राच्या आतल्या संघर्षाची गोडी लावली, आणि दोन्हींत प्रत्येकाची पूर्वकथा डावात ओवली जाई. अशा रीतीने तेच ते पाच जण प्रत्येक वेळी हवेत, ही अपेक्षा रुजली. १९८७च्या ‘आर्स मॅजिका’ने वेगळी वाट काढली होती. त्यात प्रत्येक खेळाडूकडे एकाहून अधिक पात्रे असत आणि खेळ चालवण्याची जबाबदारी आळीपाळीने फिरे. ही व्यवस्था सोयीची असूनही बहुतेक गटांनी ती घेतली नाही. खेळ चालवण्याचे ओझे एकाच्याच डोक्यावर राहिले, आणि तो कंटाळला की गट मोडतो, हे ओघाने आलेच.

कथा जितकी घट्ट, तितकी तारीख जुळवणे अवघड. शिक्षण संपून नोकऱ्या आणि संसार सुरू झालेल्या पिढीला ही अडचण राक्षसांपेक्षा जड गेली. या दुखण्यावर सर्वांत विचारपूर्वक उतारा बेन रॉबिन्स यांनी शोधला. त्यांच्या ‘वेस्ट मार्चेस’ या मोहिमेचे वर्णन त्यांनी २००७ मध्ये प्रसिद्ध केले. दहा ते चौदा खेळाडू, पण ठरलेला वार नाही, ठरलेला चमू नाही, ठरलेले कथानकही नाही. कोठे जायचे आणि कधी खेळायचे हे खेळाडूंनीच आपसांत जुळवायचे, पंचाने फक्त होकार द्यायचा, आणि बैठक संपताना सर्वांनी गावात परतायचे. सामायिक नकाशा आणि परतल्यावर लिहिलेले वृत्तांत यांवरून न आलेल्यांना ईर्षा वाटे आणि पुढची स्वारी ठरे. गंमत अशी की ही नवी म्हणून गाजलेली रचना आर्नेसन आणि गायगॅक्स यांच्या मोहिमांच्या पुष्कळ जवळ जाते. मुख्य प्रवाह तिकडे वळला नाही. ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’च्या २०१४च्या पाचव्या आवृत्तीत लढायांची काठिण्यपातळी तीन ते पाच पात्रांचा चमू गृहीत धरून मोजलेली आहे, आणि गैरहजर खेळाडूच्या पात्राचे काय करायचे यावर स्वतंत्र मार्गदर्शन आहे. ते दुसऱ्याने चालवावे, पंचाने चालवावे, काही कारणाने दूर गेले असे मानावे, किंवा ते आहे पण कोणी त्याकडे लक्ष देत नाही असे धरून चालावे.

इंटरनेटने अंतराची अडचण बरीच कमी केली. ‘रोल२०’ हे ऑनलाइन टेबल २०१२ मध्ये महाविद्यालयात एकत्र राहिलेल्या तीन मित्रांनी सुरू केले, कारण शिक्षणानंतर वेगवेगळ्या ठिकाणी गेल्यावर त्यांना आपला खेळ सोडायचा नव्हता. त्याच वर्षी काही आवाज-कलाकारांनी, खेळ चालवणारे मॅथ्यू मर्सर यांच्यासह, एकाच्या वाढदिवसानिमित्त खेळलेला एक डाव लांबत गेला आणि मार्च २०१५ पासून ‘क्रिटिकल रोल’ या नावाने दर आठवड्याला थेट दाखवला जाऊ लागला. तीन-चार तासांचे ते भाग पाहून हजारो लोकांनी पहिल्यांदाच गट जमवले, आणि त्यांच्यापुढे नमुना होता तो एकमेकांना नीट ओळखणाऱ्या कायमच्या चमूचा. २०२०च्या साथीत प्रत्यक्ष बैठका बंद पडल्या तेव्हा पुष्कळ गट पडद्यावर गेले, आणि काही परत टेबलाकडे आलेच नाहीत.

छोट्या गटात एकाची नाराजी सर्वांना जाणवते, म्हणून अलीकडच्या वर्षांत खेळाआधीच्या बोलणीला वजन आले आहे. २०१३ मध्ये जॉन स्टॅव्हरोपोलस यांनी मांडलेले ‘एक्स-कार्ड’ टेबलाच्या मध्यावर ठेवले जाते. एखादा प्रसंग नकोसा वाटला तर कोणीही त्याला स्पर्श करावा, आणि कारण न विचारता तो प्रसंग बदलला जावा, एवढाच त्याचा नियम. पहिल्या डावाआधीची ‘सेशन झीरो’ ही बैठकही आता अनेक गटांत रुळली आहे. तिच्यात पात्रे आणि जग ठरतेच, पण दर आठवड्याला जमायचे की पंधरवड्याला, किती वाजता थांबायचे, आणि किमान किती जण आले तर खेळ होईल, हेही तेथेच ठरवले जाते.