विस्मरणाच्या आधीची वीस वर्षं

कानाच्या पातळीला, पण मेंदूच्या आतल्या अंगाला, एन्टोऱ्हायनल कॉर्टेक्स नावाची छोटी पट्टी असते. आपण जे पाहतो, ऐकतो, हुंगतो, त्यातलं बरंचसं हाच उंबरठा ओलांडून हिप्पोकॅम्पसकडे, म्हणजे नव्या आठवणी घडवणाऱ्या भागाकडे जातं. आपण नेमके कुठे आहोत याचा हिशेब ठेवणाऱ्या पेशीही इथेच. त्यांच्या शोधाला २०१४ चं नोबेल मिळालं. अल्झायमरमधले टाऊ नावाच्या प्रथिनाचे गुंते मेंदूच्या सालीत सगळ्यात आधी दिसतात ते याच भागात, ओळखीची नावं विसरायच्या कितीतरी आधी.

चेतापेशीच्या लांब तंतूंमध्ये सूक्ष्म नळ्या असतात. त्यांच्यावरून पेशीचा माल रुळांवरून जावा तसा ये-जा करतो. टाऊ या नळ्यांना आधार देतं. त्यावर फॉस्फेट प्रमाणाबाहेर चिकटलं की त्याची पकड सुटते, आणि सुटलेले रेणू एकमेकांत अडकून पेशीच्या आतच गुंता होतो. दुसरं प्रथिन अमायलॉइड बीटा. त्याचे थर पेशींच्या बाहेर साचतात. आलोइस अल्झायमर यांनी १९०६ मध्ये एका मृत स्त्रीच्या मेंदूत हे दोन्ही सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले.

पुढे जवळपास शतकभर ते मृत्यूनंतरच दिसत. २००४ मध्ये जिवंत माणसाच्या मेंदूतलं अमायलॉइड पेट स्कॅनवर टिपल्याचं प्रसिद्ध झालं आणि चित्र पालटलं. स्मरणशक्ती शाबूत असलेल्यांच्या मेंदूतही ते सापडू लागलं: पन्नाशीत साधारण १० टक्के लोकांत, नव्वदीत ४० टक्क्यांहून अधिक. लक्षणं दिसण्याच्या पंधरा-वीस वर्षं आधीच ते साचू लागतं.

म्हणून धास्ती घ्यायची का? मला तसं वाटत नाही. अमेरिकेत १९८६ मध्ये सुरू झालेल्या एका अभ्यासात ६७८ ननांनी भाग घेतला आणि मृत्यूनंतर मेंदूही दान केला. त्यांपैकी सिस्टर मेरी १०१ वर्षं जगल्या. अखेरपर्यंत त्यांचं डोकं तल्लख होतं. मेंदू तपासला तर त्यात थर आणि गुंते दोन्ही भरपूर! मला या सगळ्या विषयात सर्वांत मोलाची वाटते ती हीच गोष्ट.

खरी कलाटणी वेगळीच आहे. उतारवयात एन्टोऱ्हायनल भागात थोडा टाऊ जवळजवळ सगळ्यांच्याच साचतो, आणि एरवी तो तिथेच राहतो. अमायलॉइड वाढलेलं असेल तर मात्र तो उंबरठ्याबाहेर पडून शेजारच्या भागांत पसरतो, आणि स्मृतीची घसरण या पसरण्याशीच जास्त जुळते.

आता रक्तातल्या पी-टाऊ २१७ वरूनही, म्हणजे फॉस्फेट चिकटलेल्या टाऊच्या एका प्रकारावरूनही, या बदलांचा अंदाज येतो. पण काहीच त्रास नसताना केवळ उत्सुकतेपोटी ही तपासणी करून घेऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे. लक्षणांआधीच्या टप्प्यावर सिद्ध झालेलं औषध अजून नाही. सोलानेझुमॅब या औषधाची अशाच निरोगी ज्येष्ठांवर काही वर्षं चाचणी झाली, पण २०२३ मध्ये निकाल आला तो निराशेचा.

हाताशी असलेले उपाय साधे आहेत: रक्तदाब आणि मधुमेह आटोक्यात ठेवणं, व्यायाम, धूम्रपान सोडणं. आणि कमी ऐकू येत असेल तर श्रवणयंत्र लावायला संकोच न करणं, कारण ऐकू न येणं हाही स्मृतिभ्रंशाचा मोठा धोका मानला जातो. यातल्या बऱ्याच गोष्टींचा परिणाम चाळिशी-पन्नाशीपासूनच होऊ लागतो, म्हणजे बहुतेकांच्या स्कॅनवर अजून काही दिसतही नसतं तेव्हा.