ज्याचं असेल तो येईल शोधत

टपाल कचेरीच्या काउंटरवर एक माणूस घाईघाईने येतो, व्हिजिटिंग कार्डं ठेवायचं एक पारदर्शक पाकीट पुढे सरकवतो आणि म्हणतो, "हे बाहेर कोपऱ्यावर सापडलं. कुणाचं तरी पडलेलं दिसतंय. मला गडबड आहे, तुम्ही जरा बघाल का?" उत्तराची वाट न बघता तो निघूनही जातो. पाकिटात एकसारखी तीन कार्डं, किराण्याची यादी आणि एक किल्ली. कधी सोबत थोड्या नोटा, कधी नाहीत.

पाकीट कुणाचंच हरवलेलं नव्हतं. आणून देणारा संशोधकांचा मदतनीस होता, कार्डावरचं नाव बनावट होतं आणि त्यावरचा ईमेल पत्ता थेट संशोधकांकडे जात होता. हे नाटक ४० देशांतल्या ३५५ शहरांत झालं आणि त्यासाठी १७,३०३ पाकिटं वापरली गेली. मिशिगन विद्यापीठाचे अलेन कोन, झुरिक विद्यापीठाचे मिशेल मरेशाल आणि ख्रिस्तियान त्स्युंड, युटा विद्यापीठाचे डेव्हिड टॅननबॉम या चौघांचा हा उपद्व्याप २०१९ साली 'सायन्स' या नियतकालिकात छापून आला. सामाजिक शास्त्रांना प्रयोगशाळा नसते, असं आपल्याकडे अजूनही सर्रास म्हटलं जातं. इथे बँकेचा काउंटर, हॉटेलचं रिसेप्शन, नाट्यगृहाची तिकीटखिडकी आणि पोलीस ठाणं यांनाच प्रयोगशाळा केलं होतं.

बारकावे बघण्यासारखे आहेत. पाकीट रस्त्यात टाकून लांबून बघत बसणं सोपं, पण मग ते कुणी उचललं, किती जण बघून न बघितल्यासारखं करून पुढे गेले, याचा हिशोब लागत नाही. काउंटरवर दिलं की ते कुणाच्या हातात गेलं हे पक्कं ठाऊक असतं. पाकीट पारदर्शक, म्हणजे आत पैसे आहेत की नाहीत हे न उघडताच दिसावं. किराण्याची यादी स्थानिक भाषेत, म्हणजे मालक कुणी पर्यटक नसून याच गावचा आहे हे कळावं. पैसे ठेवायचे ते १३.४५ डॉलर, पण बँकेच्या विनिमय दराने बदलून नव्हे. अमेरिकेत तेवढ्या पैशांत जेवढा बाजार येतो, साधारण तेवढाच त्या त्या देशात यावा अशी रक्कम ठरवलेली. म्हणून भारतात पाकिटात सुमारे २३० रुपयेच होते. मग १०० दिवस वाट बघायची. मेल आला तर पाकीट 'परत केलं' असं धरायचं.

पैसे असलेलं पाकीट जास्त परत येईल की बिनपैशांचं? पुढे वाचण्याआधी मनाशी एक उत्तर ठरवून टाका. संशोधकांनी हाच प्रश्न अमेरिकेतल्या सामान्य लोकांना विचारला, तेव्हा पैसे वाढतील तसा प्रामाणिकपणा घटेल असं त्यांचं म्हणणं पडलं. अर्थशास्त्राच्या २७९ अभ्यासकांनाही विचारलं. ते सत्याच्या थोडे जवळ होते, पण पैशांमुळे परत येण्याचं प्रमाण वाढेल असं त्यांनाही वाटलं नव्हतं.

प्रत्यक्षात ते वाढलं. सगळ्या देशांची मिळून सरासरी काढली तर बिनपैशांच्या पाकिटांपैकी ४० टक्क्यांबाबत मेल आला, पैसे असलेल्यांपैकी ५१ टक्क्यांबाबत. ४० पैकी ३८ देशांत हीच दिशा दिसली. मेक्सिको आणि पेरू एवढेच काय ते वेगळे, आणि तिथला फरकही नगण्य. मग अमेरिका, ब्रिटन आणि पोलंड या तीन देशांत रक्कम वाढवून ९४.१५ डॉलर केली. तिथे बिनपैशांची ४६ टक्के, थोड्या पैशांची ६१ टक्के आणि भरपूर पैशांची ७२ टक्के पाकिटं परत करण्याची तयारी दिसली. मेल करून पैसे मात्र काढून घेतले असतील, अशी शंका कुणालाही येईल. स्वित्झर्लंड आणि चेक प्रजासत्ताक इथे पाकिटं खरोखर परत घेऊन पैसे मोजले, तर ९८ टक्क्यांहून अधिक रक्कम जागेवर होती.

असं का होत असावं? किल्लीमुळे उत्तराचा एक तुकडा सापडला. पैशांचा उपयोग सापडणाऱ्यालाही होतो, किल्लीचा फक्त हरवणाऱ्याला. वरच्या तीन देशांत काही पाकिटांत मुद्दाम किल्ली ठेवली नाही, तेव्हा मेल येण्याचं प्रमाण दर शंभर पाकिटांमागे सुमारे ९ ने घसरलं. म्हणजे समोरच्याच्या अडचणीची थोडी कणव लोकांच्या मनात असते. दुसरा तुकडा स्वतःकडे बघण्याचा. यादी आणि कार्डं असलेलं पाकीट ड्रॉवरमध्ये पडून राहिलं तर "राहूनच गेलं" असं स्वतःला सांगता येतं. नोटा दिसत असलेलं पाकीट तसंच ठेवलं तर त्याला चोरी म्हणतात, आणि मग रोज आरशात चोर बघावा लागतो. वेगळ्या पाहणीत लोकांना विचारलं, तेव्हा रक्कम जितकी मोठी तितकं ते पाकीट न देणं चोरीसारखं वाटतं, असंच त्यांनी सांगितलं.

या पद्धतीचा एक आजोबा आहे. १९६० च्या दशकात स्टॅन्ली मिलग्राम या मानसशास्त्रज्ञांनी अमेरिकेतल्या न्यू हेवन शहरात तिकीट लावलेली ४०० पत्रं इकडेतिकडे 'पाडली'. लिफाफे सारखे, फक्त नावं चार. वैद्यकीय संशोधन संस्थेच्या नावाची १०० पैकी ७२ पत्रं कुणी ना कुणी उचलून पेटीत टाकली. एका साध्या माणसाच्या नावाची ७१. कम्युनिस्ट पक्षाच्या मित्रमंडळाची २५ आणि नाझी पक्षाच्या मित्रमंडळाची २५. कुणाला काहीही न विचारता गावाचं राजकीय मन कळलं! हे मोजमाप मला फार आवडतं, कारण त्यात शहर तेच, पेटी तीच, टपाल खातं तेच. बदललं ते फक्त नाव. त्यामुळे फरक पडला तो नावामुळेच पडला, असं छातीठोकपणे म्हणता येतं.

पाकिटांच्या प्रयोगाचाही भक्कम भाग हाच आहे: एकाच देशात, तशाच काउंटरवर, पैसे असलेलं आणि नसलेलं पाकीट. पण वर्तमानपत्रांनी उचलला तो दुसरा भाग, देशांची क्रमवारी. स्वित्झर्लंड, नॉर्वे, नेदरलँड्स, डेन्मार्क, स्वीडन वर. पेरू, मोरोक्को, चीन तळाला. भारत खालच्या बाजूला: बिनपैशांची जवळपास २२ टक्के, पैशांची ४३. आपल्याकडे तर लगेच "बघा, आपण हे असे" सुरू झालं. पैसे ठेवल्यावर आपला आकडा जवळजवळ दुप्पट झाला, ही त्यातली खरी गंमत, पण तिच्याकडे बघायला कुणाला वेळ नव्हता.

क्रमवारीतली अडचण कळायला आपल्याच सवयी आठवाव्यात. एसटीत पाकीट सापडलं तर आपण कंडक्टरच्या हातात देतो. दुकानात कुणी छत्री विसरलं तर दुकानदार ती गल्ल्यामागच्या खिळ्याला अडकवतो. सोसायटीच्या वॉचमनकडे सापडलेल्या चाव्यांचा एक डबाच असतो. या सगळ्यांचं म्हणणं एकच: ज्याचं असेल तो येईल शोधत. मालकाचा पत्ता काढून त्याला ईमेल लिहिणं हे प्रामाणिकपणाचं एक रूप झालं. वस्तूला हात न लावता जपून ठेवणं हे दुसरं. कोन आणि मंडळींनी मोजलं ते पहिलं. त्यांच्या हिशोबात आपला वॉचमन शून्य गुणांवर नापास.

चिनी संशोधकांना हे खटकलं आणि त्यांनी नुसता निषेध न करता प्रयोग पुन्हा केला. २०२३ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीच्या नियतकालिकात तो छापून आला. पाकिटं चीनमधल्या शहरांत तशीच काउंटरवर दिली, पण या वेळी दोन गोष्टी मोजल्या: मेल आला का, आणि नंतर जाऊन विचारलं तर पाकीट शाबूत मिळालं का. मेलचा आकडा जुन्या प्रयोगासारखाच कमी, पाव भागाच्या आसपास. शाबूत पाकिटं मात्र तीन चतुर्थांशांहून जास्त! याच गटाने कोन यांची जुनी आकडेवारीही पुन्हा तपासली. ज्या देशांत माणूस स्वतःला गोतावळ्याचा भाग समजतो, तिथे मेल कमी येतात असं त्यात दिसलं. चीनमधल्या प्रांतांची तुलना केली, तर गोतावळ्याची वृत्ती जिथे जास्त तिथे पाकीट शाबूत मिळण्याची शक्यताही जास्त होती.

मुंबईकरांसाठी इथे एक जुनी बातमी आठवायला हवी. २०१३ मध्ये 'रीडर्स डायजेस्ट' मासिकाने जगातल्या १६ शहरांत प्रत्येकी १२ पाकिटं टाकली होती, प्रत्येकात ५० डॉलरच्या बरोबरीची रक्कम. हेलसिंकीत १२ पैकी ११ परत आली. दुसरा नंबर मुंबईचा: १२ पैकी ९. लिस्बनमध्ये एकच परत आलं, आणि तेही नेदरलँड्सहून फिरायला आलेल्या जोडप्याने दिलं. याला विज्ञान म्हणता येणार नाही. बारा पाकिटांवरून एवढ्या मोठ्या शहराचं चारित्र्य ठरवणं म्हणजे शितावरून भाताची नव्हे, अख्ख्या पंगतीची परीक्षा. पण त्या पाकिटांत एक वेगळी गोष्ट होती. मालकाचा मोबाइल नंबर. फोन लावून "अहो, तुमचं पाकीट सापडलंय" सांगायला मुंबईत किती वेळ लागतो? इंग्रजीत मेल लिहायला बसण्यापेक्षा नक्कीच कमी. फोन आणि मेल असे दोन्ही प्रकारचे पत्ते घालून भारतात हाच प्रयोग नीट कुणीतरी करावा, अशी माझी फार इच्छा आहे. एखाद्या विद्यापीठाच्या समाजशास्त्र विभागाला झेपण्यासारखं काम आहे.

मार्च २०२५ मध्ये निघालेल्या जागतिक आनंद अहवालात पाकीट पुन्हा अवतरलं. हरवलेलं पाकीट परत मिळेल असं वाटतं का, हे २०१९ च्या एका जागतिक पाहणीत लोकांना विचारलं होतं. अहवालकर्त्यांनी त्या उत्तरांशी प्रत्यक्ष प्रयोगांचे आकडे ताडून पाहिले. लोकांना जेवढी आशा असते, त्याच्या जवळपास दुप्पट पाकिटं खरोखर परत येतात, असं निघालं. यात मला एक भर घालावीशी वाटते: प्रत्यक्षाचा आकडा जर मेलवरून काढलेला असेल, तर खिळ्याला अडकवलेल्या छत्र्या त्यात धरलेल्याच नाहीत. दरी त्याहून मोठी असू शकते.

लोकांचा एकमेकांवर किती भरवसा आहे हे विचारण्याची परंपरा मात्र पाकिटांपेक्षा जुनी. १९८१ पासून चालत आलेल्या जागतिक मूल्य पाहणीत एक ठरलेला प्रश्न असतो: बहुतेक लोकांवर विश्वास ठेवता येतो, की लोकांशी वागताना फार जपून राहावं लागतं? या पाहणीची आठवी फेरी २०२४ ते २०२६ या काळासाठी आखलेली आहे, आणि भारतातही आधीच्या फेऱ्या झाल्या आहेत. जुलै २०२७ मध्ये दक्षिण कोरियातल्या ग्वांग्जू शहरात जागतिक समाजशास्त्र परिषद भरणार आहे. १९८६ साली ही परिषद नवी दिल्लीत झाली होती. ग्वांग्जूत कशावर चर्चा रंगेल ते मला ठाऊक नाही, पण जागा समर्पक आहे. 'बहुतेक लोक' या शब्दांची उलटतपासणी करणारा एक शोधनिबंध २०११ मध्ये आला होता. यान डेलहाय, केनेथ न्यूटन आणि क्रिस्तियान वेल्त्सेल यांनी ५१ देशांची उत्तरं चाळून दाखवलं की या शब्दांचा पैस सगळीकडे सारखा नाही. श्रीमंत पाश्चात्त्य देशांत त्यात अनोळखी माणूस सहज बसतो. चीन, थायलंड, दक्षिण कोरिया इथे 'बहुतेक लोक' म्हणताना डोळ्यांसमोर येतात ती प्रामुख्याने ओळखीची, जवळची माणसं. तेव्हा भरवशाचा आकडा फुगलेला दिसतो, पण तो घराच्या आसपासच फिरत असतो.

आमच्या आळीत प्रश्नावली घेऊन कुणी आलं आणि शेजारच्या काकूंना "बहुतेक लोकांवर विश्वास ठेवता येतो का?" असं विचारलं, तर हो की नाही हे पुढचं. काकू आधी विचारतील, "कोणत्या लोकांवर?" आणि मग, "तू कुणाचा रे?"