अटलांटिक कॅनडातील नोकरी आणि पीआर : एका कार्यक्रमाची पार्श्वभूमी

कॅनडाच्या पूर्व किनाऱ्यावर नोव्हा स्कोशिया, न्यू ब्रन्सविक, प्रिन्स एडवर्ड आयलंड आणि न्यूफाउंडलंड व लॅब्राडोर हे चार प्रांत आहेत. तिथल्या मान्यताप्राप्त कंपनीने नोकरी देऊ केली, तर त्या आधारावर पीआर, म्हणजे कायमस्वरूपी वास्तव्याचा हक्क, मागता येतो. ‘अटलांटिक इमिग्रेशन प्रोग्राम’चे नियम अर्जदारांना किचकट वाटतात, पण ते कोणत्या अडचणीतून जन्मले हे पाहिले की त्यांचा अर्थ बराच स्पष्ट होतो.

एकेकाळी युरोपातून येणारी माणसे याच किनाऱ्यावर उतरत. हॅलिफॅक्स बंदरातल्या ‘पियर २१’ या धक्क्यावरून १९२८ ते १९७१ या काळात सुमारे दहा लाख लोक कॅनडात आले, मात्र त्यांच्यातले बहुतेक तिथूनच आगगाडीत बसून पुढच्या प्रांतांकडे निघून गेले. १९६७ साली शिक्षण, वय, भाषा अशा निकषांवर गुण देऊन स्थलांतरित निवडण्याची पद्धत आली आणि भारतासारख्या देशांतल्या लोकांनाही दार खुले झाले, तरी नव्याने येणाऱ्यांचा ओढा टोरांटो, माँट्रियल आणि व्हँकुव्हरकडेच राहिला.

त्यातच किनाऱ्यावरची स्वतःची माणसेही बाहेर जाऊ लागली. कॉड माशांचे साठे कोसळल्यामुळे २ जुलै १९९२ रोजी केंद्र सरकारने न्यूफाउंडलंडच्या समुद्रातली कॉडची मासेमारी थांबवली आणि सुमारे तीस हजार लोकांच्या हातचे काम गेले. अनेक गावे याच एका धंद्यावर जगत होती. तरुण मंडळी अल्बर्टा प्रांताच्या तेलक्षेत्राकडे वळली. १९९१ च्या जनगणनेत ५ लाख ६८ हजारांवर असलेली न्यूफाउंडलंड व लॅब्राडोरची लोकसंख्या २००६ पर्यंत ५ लाख ५ हजारांवर उतरली. मागे राहिलेल्यांचे वय वाढत होते. नोव्हा स्कोशियात रे आयव्हनी यांच्या अध्यक्षतेखालील आयोगाने २०१४ मध्ये याच घसरणीचा स्पष्ट इशारा दिला आणि स्थलांतरितांची संख्या मोठ्या प्रमाणात वाढवण्याची शिफारस केली.

स्थलांतर हा विषय १८६७ च्या राज्यघटनेपासूनच केंद्र आणि प्रांत या दोघांच्याही अखत्यारीत आहे. त्याच आधारावर १९९० च्या दशकाच्या अखेरीस प्रांतांना स्वतःचे उमेदवार सुचवण्याची सोय मिळाली, आणि मॅनिटोबाने तिचा चांगला उपयोग करून घेतला. अटलांटिक प्रांतांची अडचण मात्र निराळी होती. माणसे येत, पण टिकत नसत. १९८२ च्या हक्कांच्या सनदेतील सहाव्या कलमाने पीआर मिळालेल्या व्यक्तीला कोणत्याही प्रांतात राहण्याचे आणि पोट भरण्याचे स्वातंत्र्य दिलेले आहे, त्यामुळे कुणालाही सक्तीने थांबवता येत नाही. ऑस्ट्रेलियाने याबाबत वेगळी वाट धरली आहे : तिथल्या प्रादेशिक नियोक्ता-पुरस्कृत व्हिसावर (उपवर्ग ४९४) आधी पाच वर्षांचे तात्पुरते वास्तव्य मिळते, प्रादेशिक भागात राहण्याची अट असते आणि कायमचा हक्क नंतर येतो.

अटलांटिक कार्यक्रमाची सगळी रचना कॅनडाच्या सनदेतील या सहाव्या कलमाने घातलेल्या मर्यादेतून घडली आहे, असे माझे मत आहे. सक्ती शक्य नाही, तेव्हा थांबावेसे वाटेल अशी व्यवस्था उभी करणे एवढेच हाती उरते, आणि ती जबाबदारी इथे मुख्यतः नोकरी देणाऱ्यावर टाकली आहे. जुलै २०१६ मध्ये केंद्र आणि चार प्रांतांनी मिळून विकासाचे धोरण जाहीर केले आणि मार्च २०१७ पासून प्रायोगिक तत्त्वावर अर्ज घेतले जाऊ लागले. कंपनीला आधी प्रांताची मान्यता घ्यावी लागते. उमेदवार आणि त्याच्या कुटुंबासाठी वसाहत-योजना, म्हणजे घर, शाळा, भाषेचे वर्ग, दवाखाना यांची माहिती देणारा आराखडा, एखाद्या सेवा-संस्थेकडून तयार करून घ्यावा लागतो. त्यानंतर प्रांत शिफारसपत्र देतो आणि मगच केंद्राकडे पीआरचा अर्ज जातो. स्थानिक माणूस मिळत नसल्याचा जो श्रमबाजार-अहवाल इतरत्र आधी मिळवावा लागतो, तो इथे लागत नाही. लहान उद्योगांना ही सवलत फार मोलाची ठरली.

१ जानेवारी २०२२ पासून हा कार्यक्रम कायमस्वरूपी झाला. सर्वसाधारणपणे गेल्या पाच वर्षांतला १,५६० तासांचा कामाचा अनुभव मागितला जातो, मात्र या प्रांतांतल्या मान्य महाविद्यालयातून किमान दोन वर्षांचा अभ्यासक्रम पूर्ण करून वास्तव्याची अट पाळणाऱ्यांना त्यातून सूट आहे. हॅलिफॅक्स किंवा केप ब्रेटनला शिकायला गेलेल्या मराठी मुलांच्या बोलण्यात हा कार्यक्रम येतो तो मुख्यतः या सवलतीमुळे.

ऑक्टोबर २०२४ मध्ये केंद्राने २०२५ साठी पीआरचे एकूण लक्ष्य ३ लाख ९५ हजारांवर आणले. आधीच्या आराखड्यात ते पाच लाख होते. शिफारसपत्रांसाठी त्यामुळे चढाओढ वाढली आहे आणि आरोग्यसेवेसारख्या क्षेत्रांना प्रांत आधी विचारात घेतात. अशा वेळी नोकरीचे पत्र विकणारे दलाल पुढे येतात. उमेदवाराकडून नोकरीसाठी पैसे घेणे नियमबाह्य आहे आणि मान्यताप्राप्त कंपन्यांच्या याद्या प्रांत प्रसिद्ध करत असतात. पत्र हाती आल्यावर कंपनीचे नाव त्या यादीत आहे की नाही, हे घरबसल्या तपासता येते.