डीलॅब आणि डीएलपीटी: एक परीक्षा भाषा शिकण्याआधी, दुसरी शिकल्यावर

अमेरिकन सैन्यात भरती होऊ पाहणारा एखादा मुलगा म्हणतो, ‘आमच्या घरी स्पॅनिशच बोलतात, तेव्हा डीलॅबची मला काळजी नाही.’ त्याची गल्लत इथेच होते. डीलॅबला त्याच्या स्पॅनिशशी काहीच देणंघेणं नाही. स्पॅनिश किती येते हे तपासणारी परीक्षा वेगळी, तिचं नाव डीएलपीटी. दोन्ही परीक्षा अमेरिकेच्या संरक्षण खात्याच्या, दोन्हींच्या नावाची सुरुवात ‘डिफेन्स लँग्वेज’नं होते आणि भाषेशी संबंधित पदांसाठी दोन्हींचे गुण मागतात. त्यामुळे घोटाळा होणारच. पण एक परीक्षा विचारते, ‘तुला नवी भाषा शिकता येईल का?’ आणि दुसरी विचारते, ‘ही भाषा तुला आज किती येते?’

आधी डीलॅब, म्हणजे डिफेन्स लँग्वेज ॲप्टिट्यूड बॅटरी. ही कल चाचणी १९७०च्या दशकात तयार झाली. तिच्यात जगातली कोणतीही खरी भाषा नसते. परीक्षेपुरती रचलेली एक भाषा समोर येते आणि तिचे नियम जागच्या जागी पकडायचे असतात. सुरुवातीला चार शब्द ऐकवतात. तीन शब्दांत आघात, म्हणजे उच्चारातला जोर, एकाच जागी असतो, चौथ्यात दुसरीकडे. तो चौथा ओळखायचा. मग कृत्रिम भाषेचे नियम सांगतात आणि ते लावून योग्य रचना कानांनी निवडायची. ध्वनिफीत तुमच्यासाठी थांबत नाही. एका प्रश्नावर रेंगाळलात की पुढचा हातचा जातो.

शेवटच्या भागात चित्रं असतात. खरे प्रश्न गोपनीय असतात, म्हणून त्या धर्तीवरचा एक नमुना मीच रचून दाखवते. घोड्याच्या चित्राखाली लिहिलंय ‘बादो’. लाल घोड्याखाली ‘बादो रिको’. लाल माशाखाली ‘तेमी रिकी’. मोठ्या माशाखाली ‘तेमी लानी’. आता मोठ्या घोड्याला काय म्हणाल? उत्तर ‘बादो लानो’. विशेषण नामानंतर येतं आणि नामाचा शेवटचा स्वर उचलतं, हे तुम्हाला कुणी सांगितलं नाही, तुम्ही चार चित्रांवरून ताडलंत. काळा घोडा, काळी म्हैस, काळं मांजर असं लहानपणापासून बोलणाऱ्याला हे पटकन दिसतं. ज्याच्या भाषेत विशेषण कधी बदलतच नाही, त्याला आधी विशेषणही बदलू शकतं हे सुचावं लागतं. आघाताच्या भागात मात्र आपली पंचाईत. मराठीत आघात बदलला म्हणून शब्दाचा अर्थ बदलत नाही, त्यामुळे आपला कान तिकडे लक्षच देत नाही.

या प्रकारच्या चाचण्यांमागचा विचार जॉन कॅरॉल या मानसशास्त्रज्ञाचा. त्यांच्या मते भाषा शिकण्याच्या क्षमतेचे चार घटक आहेत: अनोळखी ध्वनी लक्षात ठेवणं, वाक्यातल्या शब्दाचं काम ओळखणं, नमुन्यांवरून नियम काढणं आणि पाठांतर. त्यातले पहिले तीन डीलॅबमध्ये सरळ दिसतात.

डीलॅबचे गुण म्हणजे एकच आकडा. अमेरिकन सैन्य इंग्रजी बोलणाऱ्याला किती अवघड जाईल यावरून भाषांचे चार गट करतं. स्पॅनिश-फ्रेंचच्या पहिल्या गटासाठी सर्वसाधारणपणे ९५ गुण लागतात, दुसऱ्यासाठी १००, रशियन-उर्दूच्या तिसऱ्यासाठी १०५ आणि अरबी, चिनी, कोरियन, जपानीच्या चौथ्यासाठी ११०. सैन्याच्या शाखेप्रमाणे यात थोडा फरक पडतो. उंबरठा ओलांडला की कॅलिफोर्नियातल्या मॉन्टेरेला, डिफेन्स लँग्वेज इन्स्टिट्यूटमध्ये रवानगी. पहिल्या गटाची भाषा तिथं ३६ आठवडे शिकवतात, चौथ्या गटाची ६४ आठवडे. सैनिकाला सव्वा वर्ष पगार देऊन, दुसरं काही काम न देता अरबी शिकवायची, तर तो मधेच गळणार नाही याचा अंदाज आधी घेणं भागच आहे. डीलॅब त्या अंदाजापुरती आहे.

डीएलपीटी, म्हणजे डिफेन्स लँग्वेज प्रोफिशियन्सी टेस्ट, त्या अभ्यासक्रमाच्या शेवटी भेटते आणि पुढे पाठ सोडत नाही. प्रत्येक भाषेची डीएलपीटी वेगळी. वाचन आणि श्रवण यांची परीक्षा संगणकावर होते. बोलण्यासाठी स्वतंत्र तोंडी मुलाखत असते. इथे ११० किंवा १२० असे गुण नसतात. सरकारी खात्यांची ० ते ५ अशी सामाईक मोजपट्टी आहे, मधल्या पायऱ्यांना प्लस म्हणतात. मॉन्टेरेहून उत्तीर्ण होऊन बाहेर पडण्यासाठी बरीच वर्षं चालत आलेला निकष ऐकण्यात २, वाचनात २ आणि बोलण्यात १ प्लस असा आहे. म्हणून कुणी ‘माझे डीएलपीटीत ११५ आले’ म्हणाला तर समजावं, तो डीलॅबबद्दल बोलतोय.

या पायऱ्यांमधला फरक मला सगळ्यात मोलाचा वाटतो, कारण भाषा ‘येते’ म्हणजे काय, हे त्यात उघड होतं. समजा मराठीची अशी परीक्षा आहे आणि उताऱ्यात वाक्य आलं: ‘मंत्रिमहोदयांनी यंदाही आश्वासन देण्यात कसूर केली नाही.’ दुसऱ्या पातळीचा वाचक सांगेल, मंत्र्यांनी या वर्षीही आश्वासन दिलं. बरोबर आहे, त्याला माहिती कळली. तिसऱ्या पातळीच्या वाचकाला ‘यंदाही’ आणि ‘कसूर’ या दोन शब्दांतला टोमणा कळतो: दरवर्षी आश्वासनच मिळतं, काम होत नाही. शत्रूच्या किंवा मित्रराष्ट्राच्या वर्तमानपत्रातलं असं वाक्य दुसऱ्या पातळीच्या वाचकानं वरिष्ठांना कळवलं तर मंत्र्यांची स्तुती म्हणून कळवेल. सैन्याला २ आणि ३ यांतल्या फरकाची एवढी काळजी का, ते यावरून कळावं.

डीएलपीटीची एक खोच मात्र खटकते. उतारा परभाषेत असतो, पण प्रश्न आणि उत्तरं इंग्रजीत. इंग्रजीत कच्चा असलेला माणूस आपल्या मातृभाषेच्या परीक्षेतही मागे पडू शकतो, आणि ते गुण त्याच्या मातृभाषेचे म्हणून नोंदले जातात. शिवाय नेहमीची खालच्या टप्प्याची परीक्षा ३ वरच थांबते, त्यापुढे मोजण्यासाठी वरच्या टप्प्याची वेगळी परीक्षा लागते. घरची भाषा म्हणजे आपोआप ५, असं नाही.

घरच्या भाषेवर विसंबून चालत नाही, हे अमेरिकन सैन्याला १९४१ मध्येच कळलं होतं. जपानी जाणणारे सैनिक हवे होते म्हणून जपानी वंशाच्या ३,७०० जणांना तपासलं, तर जपानीवर उत्तम पकड असलेले निघाले जेमतेम ३ टक्के. आणखी ४ टक्क्यांना ती बऱ्यापैकी येत होती. बाकीचे अमेरिकेत वाढलेले, इंग्रजीत शिकलेले. मग १ नोव्हेंबर १९४१ला सॅन फ्रान्सिस्कोत, विमानांच्या एका जुन्या हँगरमध्ये, ६० विद्यार्थ्यांची शाळा सुरू झाली. आजची मॉन्टेरेची संस्था तिचीच वारसदार. आडनावावरून भाषा ठरत नाही, ती तपासावीच लागते.

मुदतीतही दोन्ही परीक्षा वेगळ्या आहेत. डीलॅबचे पुरेसे गुण एकदा मिळाले की तो विषय संपतो. कमी पडले तर साधारण सहा महिने थांबून पुन्हा बसता येतं. डीएलपीटीचे गुण मात्र शिळे होतात, कारण भाषा विसरली जाते. भाषेचा भत्ता घेणाऱ्याला ही परीक्षा साधारणपणे दरवर्षी द्यावी लागते. कायद्यानं हा भत्ता महिन्याला जास्तीत जास्त १,००० डॉलरपर्यंत देता येतो, आणि पातळी घसरली की तो कमी होतो किंवा बंद पडतो.

तर त्या स्पॅनिश बोलणाऱ्या मुलानं काय करावं? स्पॅनिशच्या जोरावर भत्ता किंवा पद हवं असेल तर त्यानं डीएलपीटी द्यावी आणि तयारीला रोज अग्रलेख वाचावेत, स्वयंपाकघरातल्या गप्पा पुरणार नाहीत. मॉन्टेरेला जाऊन कोरियन शिकायची असेल तर डीलॅब, आणि तिच्यासाठी शब्दांच्या याद्या पाठ करण्यात अर्थ नाही. नाम, विशेषण, कर्ता, कर्म, विभक्ती ही शाळेतली व्याकरणाची उजळणी करावी आणि अनोळखी भाषेतल्या बातम्या नुसत्या कानावर पडू द्याव्यात.