पार्श्वभूमी : पत्रिकेतले ‘संवेदनशील अंश’, अयनांश आणि मुंबईचे घड्याळ

‘संवेदनशील अंश’ हा शब्द पोथीतला नव्हे. पोथीत गंडांत (रास आणि नक्षत्र एकदम संपतात तो अशुभ सांधा) आहे, मृत्युभाग (प्रत्येक राशीत ग्रहागणिक अशुभ मानलेला अंश) आहे, पुष्करभाग (तसाच शुभ मानलेला अंश) आहे, ग्रहांची परमोच्च-परमनीच (ग्रह सर्वांत बलवान आणि सर्वांत दुर्बळ मानला जातो ते अंश) आहेत. या सगळ्यांना एका टोपलीत घालणारा हा शब्द संगणकावर पत्रिका निघू लागल्यावर रुळला. जुन्या जन्मटिपणात बहुतेक वेळा कुंडली, नक्षत्र आणि चरण (नक्षत्राचा चौथा भाग) एवढेच असे. आता नऊही ग्रहांपुढे विकलांपर्यंत (अंशाचा साठावा भाग कला, कलेचा साठावा विकला) आकडे छापून येतात, आणि आकडा दिसला की त्याचे काहीतरी फळ असणारच, असे पाहणाऱ्याला वाटू लागते. मुलाचा चंद्र २९ अंशांवर निघाला म्हणून आईबाप दादरपासून ठाण्यापर्यंत तीन ठिकाणी पत्रिका दाखवतात आणि तीन उत्तरे घेऊन घरी येतात. फलित खरे की खोटे हा वाद बाजूला ठेवला, तरी या तीन उत्तरांतला फरक बहुधा ज्योतिषाच्या हुशारीचा नसतो. तो मोजपट्टीचा असतो.

काही अंशांवर भांडण नाही. परमोच्चाचे अंश ठरलेले आहेत: सूर्य मेषेत १०, चंद्र वृषभेत ३, मंगळ मकरेत २८, बुध कन्येत १५, गुरू कर्केत ५, शुक्र मीनेत २७, शनी तुळेत २०. ग्रीक परंपरेतही चंद्र, मंगळ, बुध आणि शुक्र यांचे आकडे हेच आहेत. सूर्याला मात्र तिथे १९ आणि गुरूला १५. वर्गोत्तम (ग्रह राशीत आणि तिच्या नवव्या भागात, म्हणजे नवांशात, एकाच राशीचा असणे) हा तर निव्वळ भागाकार आहे. चर राशीचे पहिले ३ अंश २० कला, स्थिर राशीत १३ अंश २० कलांपासून १६ अंश ४० कलांपर्यंत, द्विस्वभाव राशीचे शेवटचे ३ अंश २० कला. यात पाठभेदाला जागाच नाही.

मृत्युभागात पाठभेदाला जागा भरपूर आहे. मेषेतल्या चंद्राला एका यादीत २६ वा अंश मिळतो, दुसऱ्या परंपरेत ८ वा. एवढी तफावत लेखनिकाच्या हातून पडत नाही. त्या मुळातच दोन वेगळ्या याद्या आहेत. एकाच यादीच्या दोन प्रतींत एखाद्या अंशाचा फरक मात्र सहज पडू शकतो. श्लोकांत आकडे अनेकदा अक्षरांनी सांगतात. अक्षरांना आकडे देणाऱ्या कटपयादी संकेतात ब म्हणजे ३ आणि व म्हणजे ४; नक्कल करणारा पोटातली रेघ विसरला की ती चूक पिढ्यान्‌पिढ्या पुढे चालत राहते. त्यात आणखी एक घोळ संगणकाने घातला. ‘२६ वा अंश’ म्हणजे २५ पूर्ण होऊन २६ पूर्ण होईपर्यंतचा अंश. पत्रिका काढणाऱ्या कित्येक संगणक-प्रणाल्या मात्र २६ अंश ० कलांपासून २७ पर्यंत खूण करतात. गत शक आणि वर्तमान शक यांतली गल्लत ज्यांनी निस्तरली आहे, त्यांना हे ओळखीचे वाटेल. तेव्हा पत्रिकेवर ‘मृत्युभाग’ असा लाल शिक्का दिसला, तर आधी यादी कोणती आणि अंश गत धरला की चालू, हे विचारावे. नावाला घाबरण्याचे कारण नाही. एकट्या मृत्युभागावरून आयुर्दाय, म्हणजे आयुष्याची लांबी, काढायला कोणतीही परंपरा शिकवत नाही.

खरी गुंतागुंत गंडांताची. जागा तीनच: मीन-मेष, कर्क-सिंह आणि वृश्चिक-धनू यांचे सांधे. इथे रास आणि नक्षत्र एकाच बिंदूवर संपतात. रेवती संपून अश्विनी, आश्लेषा संपून मघा, ज्येष्ठा संपून मूळ लागते. पण गंडांत किती रुंद? आज छापील पत्रिकेत सांध्याच्या दोन्ही बाजूंना ३ अंश २० कला, म्हणजे एकेक पूर्ण चरण, सर्रास धरतात. जुने मुहूर्तग्रंथ अंश सांगत नाहीत, घटिका सांगतात. प्रचलित पाठ असा: नक्षत्रगंडांत अलीकडे दोन आणि पलीकडे दोन घटी, लग्नगंडांत (इथे लग्न म्हणजे जन्मवेळी पूर्वेला उगवणारा राशीचा अंश) अर्धी आणि अर्धी घटी. (तिथिगंडांत वेगळा, तो पूर्णा तिथी (पंचमी, दशमी, पौर्णिमा-अमावास्या) संपून नंदा (प्रतिपदा, षष्ठी, एकादशी) लागताना येतो, आणि त्याचा राशिचक्रातल्या अंशांशी संबंध नाही.)

आता हिशेब करून पाहा. घटी २४ मिनिटांची. चंद्र दिवसाला सरासरी १३ अंश १० कला चालतो, म्हणजे दोन घटींत, ४८ मिनिटांत, सुमारे २६ कला. गती मंद असेल तर २४, शीघ्र असेल तर ३०. पुरा एक अंशही नाही. लग्न मात्र सरासरी ४ मिनिटांत एक अंश सरकते, म्हणून अर्ध्या घटीच्या १२ मिनिटांत ते तीन अंश जाते. म्हणजे ३ अंश २० कलांची पट्टी लग्नाला बऱ्यापैकी लागू पडते आणि चंद्राला सात-आठपट मोठी होते. लग्नाचे माप चंद्राला लावले, की जिथे ९६ मिनिटांचा काळ गंडांत ठरायचा, तिथे बारा तासांहून अधिक काळ गंडांत ठरतो. त्या दिवशी जन्मलेली निम्मी मुले शांतीच्या यादीत जातात.

शांतीच्या बाबतीतही दोन गोष्टी एकमेकींत मिसळल्या गेल्या आहेत. मूळ, आश्लेषा, ज्येष्ठा यांची जननशांती त्या नक्षत्राला, काही ठिकाणी चरणानुसार, सांगितलेली आहे. गंडांताची शांती त्या घटिकांना. बारसे बाराव्या दिवशी आणि शांती त्याच दिवशी किंवा तेच नक्षत्र पुन्हा आल्यावर, साधारण सत्ताविसाव्या दिवशी, हा आपल्याकडचा रिवाज. मूळाच्या तिसऱ्या चरणातल्या मुलाला ‘गंडांत आहे’ असे सांगणारा ज्योतिषी चुकीचा शब्द वापरतो. शांती सुचवणे त्याच्या परंपरेत बसत असेल, पण कारण वेगळे आहे.

याच्याही आधीचा प्रश्न: सांधा आकाशात आहे कुठे? निरयन, म्हणजे ताऱ्यांवरून मोजलेल्या, राशिचक्राचा शून्य बिंदू जिथे धराल तिथे. वसंतसंपातापासून मोजलेले ते सायन; या दोन शून्यांमधले अंतर म्हणजे अयनांश. महाराष्ट्रात हा वाद जितका पेटला तितका क्वचितच कुठे पेटला असेल. कोकणातल्या नांदगावी १५२० साली रचलेल्या ग्रहलाघव या गणितग्रंथाने अयनांशाची सोपी रीत दिली होती: शकातून ४४४ वजा करा, ६० ने भागा, भागाकार अंशांत. शके १८७७ ला (इ.स. १९५५) ही रीत २३ अंश ५३ कला देते. पण वर्षाला एक कला ही गती जास्त आहे. खरी गती सुमारे ५०.३ विकला, म्हणजे एक अंश सरकायला जवळजवळ ७२ वर्षे. ग्रहलाघवी पंचांगातले ग्रह प्रत्यक्ष आकाशाशी जुळेनासे झाले, ग्रहणांच्या वेळा चुकू लागल्या, आणि एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात सूक्ष्म गणिताचे पटवर्धनी पंचांग सुरू झाले. त्यातून शून्य बिंदूचा प्रश्न ऐरणीवर आला.

एक पक्ष म्हणाला, रेवतीची योगतारा (नक्षत्राची खूण म्हणून धरलेली तारा) ० अंशावर. दुसरा म्हणाला, चित्रा १८० अंशांवर. सूर्यसिद्धान्त दोन्हींना आधार देतो: चित्रेला १८० आणि रेवतीला ३५९ अंश ५० कला. अडचण अशी की खऱ्या आकाशात रेवतीच्या त्या ताऱ्यापासून चित्रेपर्यंत क्रांतिवृत्तावर १८० नव्हे, जवळजवळ १८४ अंश भरतात. एक धरले की दुसरे सुटते. रैवतपक्ष पुण्याहून निघणाऱ्या, लोकमान्यांच्या नावाच्या पंचांगाने उचलला आणि ते आजही निघते. सोलापूरचे पंचांग आणि भिंतीवरच्या बहुतेक दिनदर्शिका चित्रापक्षाच्या. परिणाम घरात दिसतो. काही वर्षी अधिकमास वेगळा पडतो आणि एकाच चाळीत दोन घरांची दिवाळी महिन्याच्या अंतराने येते.

स्वातंत्र्यानंतर केंद्राने नेमलेल्या पंचांग-सुधारणा समितीने १९५५ च्या अहवालात चित्रेच्या बाजूने कौल दिला. २१ मार्च १९५६ चा अयनांश २३ अंश १५ कला ठरला. आज जवळजवळ प्रत्येक प्रणालीत आधीपासून निवडलेला असतो तो हाच. रैवतपक्षीयांनी हा निर्णय आपला मानला नाही. त्यांचा मुद्दा असा की राशिचक्राचा आरंभ आरंभबिंदूजवळच्या ताऱ्यावरून धरावा, समोरच्या नव्हे. तो तर्काने कच्चा नाही. पण ती तारा पाचव्या प्रतीची, मुंबईच्या उजेडात डोळ्यांना दिसणेही अशक्य. चित्रा पहिल्या प्रतीची, वैशाखात रात्री कोणीही बोट दाखवून ओळखावी अशी. वेध घेऊन पडताळता येणारा बिंदू समितीने निवडला, हे योग्यच झाले. एक गोष्ट मात्र दोन्ही पक्ष विसरतात. समितीसमोर काम सणवारांचे आणि पंचांगांच्या एकवाक्यतेचे होते. जन्मपत्रिकेत कोणता अंश फळ देतो हे तिने ठरवले नाही.

पत्रिकेवर याचा भार केवढा? चार अंश म्हणजे एका चरणाहून जास्त. चित्रापक्षाने कर्केत २९ अंश ५० कलांवर, आश्लेषेच्या शेवटी, ऐन गंडांतात असलेला चंद्र रैवतपक्षाने सिंहेत ३ अंश ५० कलांवर, मघेच्या दुसऱ्या चरणात जातो. रास बदलली, नक्षत्र बदलले, रुंद व्याख्येचा गंडांतही सुटला. चंद्राच्या गतीने हा फरक सात तासांहून जास्त आहे. कृष्णमूर्ती पद्धतीचा अयनांश चित्रापक्षापेक्षा सुमारे ६ कलाच कमी; तो इथे किरकोळ वाटतो, पण त्या पद्धतीत नक्षत्राचे नऊ असमान उपविभाग पडतात, सूर्याचा सर्वांत लहान ४० कलांचा. त्यामुळे सीमेवरच्या ग्रहाचा उपस्वामी, म्हणजे त्या उपविभागाचा मालक ग्रह, सहा कलांनीही बदलतो.

पाश्चात्त्य ‘क्रिटिकल डिग्री’ अलीकडे मराठी व्हिडिओंत फार दिसतात: चर राशीत ०, १३, २६, स्थिर राशीत ९ आणि २१, द्विस्वभाव राशीत ४ आणि १७. राशिचक्राचे २८ समान भाग केले की एकेक भाग १२ अंश ५१ कलांचा येतो. त्या भागांच्या सीमा पूर्णांकांत आणल्या की हे आकडे मिळतात. तिथे मोजणी सायन मेषेपासून आहे. निरयन पत्रिकेत आज त्यांच्यात सुमारे २४ अंशांचा फरक पडतो. दोन पद्धतींतले आकडे एका कुंडलीवर लावणे म्हणजे फुटाच्या पट्टीवर सेंटिमीटर वाचणे.

उरतो तो जन्मवेळेचा प्रश्न, आणि तो मुंबईत खास आहे. भारतीय प्रमाणवेळ १ जानेवारी १९०६ पासून लागू झाली, पण मुंबईने आपली वेळ सोडली नाही. ती प्रमाणवेळेच्या ३९ मिनिटे मागे, आणि शहरात पन्नाशीच्या दशकापर्यंत रेंगाळली. रेल्वेचे घड्याळ एक, गावाचे दुसरे. त्यावर १ सप्टेंबर १९४२ पासून ऑक्टोबर १९४५ च्या मध्यापर्यंत युद्धकालीन वेळ होती, प्रमाणवेळेच्या एक तास पुढे. त्या काळच्या टिपणात ‘सकाळी ६’ लिहिलेले असेल तर कोणते ६, हे ठरवल्याशिवाय अंश पाहू नयेत. टिपणात ‘मुं. टा.’ किंवा ‘स्टँ. टा.’ असा उल्लेख आहे का ते पाहावे. सूर्योदयापासूनची घटी-पळे दिली असतील तर ती घड्याळापेक्षा भरवशाची: ६० घटींचा दिवस धरून, त्या दिवसाचा मुंबईचा सूर्योदय घेऊन उलटा हिशेब करावा. दोन्हींतले अंतर ३९ मिनिटे आले, तर उत्तर मिळाले. अलीकडच्या जन्मांत दाखल्यावर तारीख असते, वेळ नसते. वेळ प्रसूतिगृहाच्या कागदावर, आणि तिथे ती बरेचदा पाच मिनिटांच्या पटीत.

१९३८ सालचा गिरगावातला जन्म घ्या, टिपणात मुंबईची वेळ. संगणकात ती प्रमाणवेळ म्हणून भरली आणि लग्न मीनेत २८ अंशांवर आले: गंडांत. मुंबईच्या अक्षांशावर मीनेचा अंश सुमारे सव्वातीन मिनिटांत उगवतो, वृश्चिकेचा साडेचार मिनिटांत. राहिलेली ३९ मिनिटे मिळवली की लग्न मेषेत १० अंशांच्या आसपास जाते. चंद्र तेवढ्या वेळात २१ कला पुढे सरकतो, म्हणजे पोथीतल्या दोन घटींपैकी दीडहून जास्त.