तारा मुद्दाम पुसट करून

‘दुसरी पृथ्वी सापडली’ अशी बातमी वर्षातून तीन-चारदा तरी माझ्या फोनवर येते. सोबत निळ्या समुद्राचं आणि पांढऱ्या ढगांचं झकास चित्र असतं. ते चित्रकाराने कल्पनेने रंगवलेलं आहे, एवढं एक वाक्य मात्र नसतं. आजवर ६,०००हून जास्त बाह्यग्रह, म्हणजे दुसऱ्या ताऱ्यांभोवती फिरणारे ग्रह, नोंदले गेले आहेत. त्यातल्या बहुतेकांचा साधा ठिपकाही कुणी पाहिलेला नाही. दिसतो तो फक्त तारा. ग्रह त्याच्यासमोरून सरकताना ताऱ्याचा उजेड जरासा उतरतो, काही तासांनी पुन्हा पूर्ववत होतो. यालाच अधिक्रमण म्हणतात. ८ जून २००४ला सौरचष्म्यातून शुक्राचा काळा ठिपका सूर्यावरून जाताना ज्यांनी पाहिला, त्यांना हा शब्द आठवत असेल.

उजेड किती उतरतो, याचं गणित शाळेतलंच आहे. गुरूची त्रिज्या सूर्याच्या साधारण एक दशांश. झाकलं जातं ते क्षेत्रफळ, म्हणून दशांशाचा वर्ग करायचा: शंभरावा भाग, म्हणजे १ टक्का. पृथ्वीची त्रिज्या सूर्याच्या १०९व्या भागाइतकी, म्हणून तिची सावली जेमतेम ०.००८ टक्के. हवेच्या थराखालून एवढी बारीक घट पकडता येत नाही. पण गुरूएवढा ग्रह पकडता येतो, तोही लहान दुर्बिणीने.

सप्टेंबर १९९९मध्ये डेव्हिड शार्बोनो आणि टिमथी ब्राउन यांनी अमेरिकेतल्या बोल्डर इथून १० सेंटीमीटर व्यासाच्या दुर्बिणीने एचडी २०९४५८ हा महाश्व तारकासमूहातला तारा सुमारे दीड टक्क्याने मंदावताना टिपला. एका बाह्यग्रहाचं अधिक्रमण माणसाने प्रथमच पाहिलं होतं. तिथे ग्रह आहे, हे ग्रहाच्या ओढीने तारा किंचित डुलतो त्यावरून आधीच कळलं होतं. त्याचा आकार कळला तो या घटीवरून: गुरूपेक्षा मोठा, पण वजनाने हलका. म्हणजे वायूचाच गोळा. दहा सेंटीमीटर! एवढ्या दुर्बिणी आपल्याकडे कितीतरी हौशी मंडळींच्या घरी आहेत.

माझा लाडका तारा मात्र दुसरा, एचडी १८९७३३. अंतर सुमारे ६४ प्रकाशवर्षं, प्रत (तेजाचं माप; आकडा जितका मोठा, तितका तारा मंद) ७.७. त्याचा ग्रह २००५मध्ये फ्रान्समधल्या वेधशाळेतून सापडला. त्याचं वर्ष २.२ दिवसांचं आणि अधिक्रमण पावणेदोन तासांहून थोडं जास्त चालतं. तारा सूर्याहून लहान असल्यामुळे घट चांगली २.४ टक्क्यांची. तरीही डोळ्यांना ती कळत नाही. उजेडात सुमारे १० टक्के फरक पडला, तर सरावलेल्या डोळ्याला जाणवतो. इथे कॅमेराच हवा.

मी पहिल्यांदा ८ इंची दुर्बीण लावली, तेव्हा तारा सुईच्या टोकासारखा रेखीव केला आणि रात्रभर चित्रं घेतली. सकाळी पाहतो तर मोजमाप निरुपयोगी. कारण असं की, रेखीव ताऱ्याचा सगळा प्रकाश कॅमेऱ्याच्या दहा-वीस पिक्सेलवर पडतो. पावसात पागोळीखाली तांब्या ठेवला तर क्षणात भरून वाहू लागतो आणि किती पाणी पडलं ते कळत नाही. पिक्सेलचंही तसंच होतं. त्यात फोटॉन, म्हणजे प्रकाशाचे कण, मोजण्याचा नियम असा की, N फोटॉन मोजले तर त्यात N च्या वर्गमुळाइतकी अनिश्चितता राहतेच. एक हजारांश अचूकता हवी, तर दर चित्रात दहा लाख फोटॉन हवेत. तांब्यात ते मावत नाहीत. म्हणून परात घ्यायची! फोकस मुद्दाम घालवायचा. तारा पसरून मेदूवड्यासारखा होतो (मधलं भोक म्हणजे दुर्बिणीतल्या दुय्यम आरशाची सावली) आणि प्रकाश शेकडो पिक्सेलवर वाटला जातो. आता अर्ध्या मिनिटाचं चित्र घेतलं तरी कुणी भरून वाहत नाही. एखादा पिक्सेल जरा मठ्ठ असला तरी शेकडोंच्या सरासरीत त्याचा दोष विरतो. ताऱ्याचं लुकलुकणंही त्या अर्ध्या मिनिटात बरंचसं सपाट होतं. चांगलं मोजण्यासाठी चित्र बिघडवायचं, ही गोष्ट मला पहिल्यांदा उमगली तेव्हा रात्री झोप लागली नव्हती.

दुसरी युक्ती शेजाऱ्यांची. घरातले सगळे दिवे मंदावले तर व्होल्टेज उतरलं. एकच मंदावला तर दोष त्या दिव्याचा. तसंच, त्याच चित्रातल्या आजूबाजूच्या ताऱ्यांशी आपल्या ताऱ्याचं गुणोत्तर काढायचं. विरळ ढग आला, धूळ आली, तर सगळेच सारखे मंदावतात आणि गुणोत्तर तसंच राहतं. मात्र शेजारी शक्यतो त्याच रंगाचा निवडावा. तारा क्षितिजाकडे झुकतो तसा त्याचा प्रकाश जास्त जाड हवेतून येतो. ही जाडी, खमध्यापासूनचा, म्हणजे थेट डोक्यावरच्या बिंदूपासूनचा, कोन z असेल तर, साधारण १/cos z इतकी वाढते आणि हवा निळा प्रकाश जास्त गाळते. आपला तारा नारिंगी. शेजारी निळसर घेतला तर ग्रह नसतानाही आलेख हळूहळू तिरपा होत जातो. तसंच ताऱ्याची कडा मध्यभागापेक्षा काळपट असते. त्यामुळे घटीचा तळ सपाट न येता वाटीसारखा गोल येतो आणि लाल गाळणीतून तो निळ्यापेक्षा जास्त सपाट दिसतो.

एचडी १८९७३३ला दर सव्वादोन दिवसांनी असं ग्रहण लागतं आणि त्याची वेळ आधीच सांगता येते. आपल्याकडे मात्र ग्रहणात अजूनही गरोदर बायकांना खोलीत कोंडून उपाशी ठेवतात. सावलीने थोडा उजेड अडतो, याहून जास्त काहीही घडत नाही. ही पद्धत बंद व्हायला हवी.

वेळ आधी सांगता येते, पण ती हळूहळू चुकत जाते. ग्रहाच्या फेरीचा काळ एका सेकंदाने चुकीचा धरला, तर वर्षाच्या १६५ फेऱ्यांत पावणेतीन मिनिटांची चूक साठते. मोठ्या दुर्बिणींचा वेळ महाग, म्हणून घड्याळ सतत जुळवत राहावं लागतं. युरोपीय अवकाश संस्थेच्या एरियल या आगामी अवकाश दुर्बिणीसाठी एक्सोक्लॉक हा प्रकल्प जगभरच्या हौशी निरीक्षकांकडून अशाच नोंदी गोळा करतो.

महाराष्ट्रातून हा तारा जवळजवळ डोक्यावरून जातो, तिथे हवेचा थर सर्वांत पातळ. पाऊस ओसरल्यावर, ऑक्टोबरच्या मध्यात संध्याकाळी सातच्या सुमारास शर तारकासमूहाच्या टोकाचा तारा शोधा. तिथून उत्तरेला तीन अंशांवर डंबेल तेजोमेघाचा धूसर पुंजका दिसेल. त्याच्या पूर्वेला पाव अंशावर, म्हणजे पौर्णिमेच्या चंद्राच्या निम्म्या रुंदीवर, हा नारिंगी तारा आहे. अंधाऱ्या जागेवरून चांगल्या द्विनेत्रीतूनही तो दिसतो.